सव्वादोनला जरा कमी

नसीमआपा आमच्याकडे आल्या त्या एका काचेच्या मागोमाग.

खालापूरला हायवेपासून थोडं आत आमची प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक एसी आणि बाहेर बूट काढायची फळी. आजूबाजूच्या कारखान्यांतले प्रेशर गेज आमच्याकडे यायचे. ते बरोबर दाखवतात की नाही हे तपासून आम्ही सर्टिफिकेट द्यायचो. त्यावर सही माझी असायची. मी पोशीरहून यायचे. मालक वैद्य साहेब कर्जतचे. घरात तीन पिढ्यांची मास्तरकी, त्यामुळे धंद्यातही त्यांना पुस्तकी गोष्टींची हौस होती.

पनवेलच्या बाजूचा भिंगं घासायचा एक छोटा कारखाना बंद पडला, तेव्हा साहेबांनी लिलावात तिथली एक जाड काचेची चकती आणि पिवळा दिवा उचलून आणला. बशीएवढी काच. दोन्ही अंगांनी इतकी सपाट की तिच्यापुढे आरसासुद्धा खडबडीत. या काचेनं आपल्या मुख्य उपकरणाची तपासणी घरच्या घरी करता येईल, असं साहेबांनी वाचलं होतं. आम्ही आठ दिवस आळीपाळीनं त्या काचेखाली डोळे फाडून बघितलं. कधी रंगीत पट्टे दिसायचे, कधी काहीच नाही. शेवटी साहेबांनी त्या कारखान्याच्या फोरमनला फोन लावला.

तो म्हणाला, "काच नेलीत साहेब, बाई न्यायची राहिली."

दुसऱ्या सोमवारी नसीम मुकादम हजर झाल्या. उंच, सडपातळ, पन्नाशीच्या अलीकडच्या. ओढणी डोक्यावरून घेऊन मानेमागे पक्की गाठ मारलेली, म्हणजे वाकल्यावर टोक काचेवर लोळायला नको. राहायला कर्जतला, नवऱ्याचं शिलाईचं दुकान. शिक्षण विचारलं तर म्हणाल्या, "बारावी नापास. पन काचेत पास हाय." हे त्या विनोदानं म्हणाल्या नव्हत्या. अर्जात लिहायला काहीतरी हवं म्हणून सांगितलं.

आमचं ते मुख्य उपकरण म्हणजे पेन्सिलीएवढा पोलादी पिस्टन आणि त्याची नळी. आपा त्याला दांडा म्हणायच्या, मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. दांडा आणि नळी यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा मावेल एवढीच जागा असते. दांड्यावर मोजलेली वजनं ठेवायची, हातानं गोल फिरवून द्यायची, की दांडा तेलावर तरंगत फिरत राहतो. वजन माहीत, दांड्याची जाडी माहीत, म्हणजे खालच्या तेलाचा दाब किती हे पक्कं कळतं. त्या दाबाशी गिऱ्हाइकाचा गेज ताडून बघायचा. थोडक्यात, आमच्या सगळ्या सर्टिफिकेटांचा भार त्या एका दांड्याच्या जाडीवर होता.

ती जाडी आपा उजेडानं बघायच्या. दांडा आडवा ठेवायचा, शेजारी तेवढ्याच जाडीचा पक्क्या मापाचा पोलादी ठोकळा, आणि दोघांवर मिळून ती काच. वरून पिवळा दिवा. मग ठोकळ्याच्या चकचकीत पाठीवर काळ्या पट्ट्या उमटतात. दांडा आणि ठोकळा एकाच उंचीचे असतील तर पट्ट्या जवळजवळ नाहीशा होतात, फरक असेल तर वाढतात. केसाच्या जाडीचे दोनशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा फरक म्हणजे साधारण एक पट्टी. आपा दांडा आठ वेळा थोडाथोडा फिरवायच्या. प्रत्येक वेळच्या पट्ट्या मोजून वहीत लिहायच्या आणि शेजारी पेन्सिलीनं चित्र काढायच्या. मोजताना ओठ हलायचे. "एक, दीड, पावणेदोन…"

एकदा बाहेरचे एक परीक्षक आले होते. आमची मान्यता त्यांच्या अहवालावर अवलंबून, त्यामुळे साहेब सकाळपासून घामाघूम. परीक्षकांनी आपांना काचेपुढे बसवलं आणि आकडा विचारला.

"सव्वादोनला जरा कमी," आपा म्हणाल्या.

"जरा म्हणजे किती? आकड्यात सांगा."

"तेवढं मला दिसत नाय."

"अंदाजे?"

"जे दिसत नाय ते मी लिवत नाय, सर."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. परीक्षक स्वतः खुर्ची ओढून काचेवर वाकले. अर्धा तास ते पट्ट्या मोजत होते. उठताना म्हणाले, "सव्वादोनला जरा कमी आहे खरं." आणि पुढच्या कागदाकडे वळले.

आपांचे नियम थोडे होते, पण ते मोडायचे नाहीत. काच एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायची नाही. टेबलावर ठेवायची, मग दुसरीनं उचलायची. "दोघींना वाटतं दुसरीनं धरली," असं त्यांचं म्हणणं. हात बेसनानं धुवायचे, कारण साबणाचा थर राहतो. दुपारचं जेवण त्या चमच्यानं जेवायच्या, भाकरी आणि सुकटीची चटणीसुद्धा. आम्ही हसायचो. भाकरीचा तुकडा काट्यानं उचलून चमच्यानं चटणी लावणारी बाई मी पुन्हा कुठे पाहिली नाही. आणि दांडा नळीत घालताना सरळ उभा धरून सोडून द्यायचा. "आपल्या वजनानं उतरला पायजे. ढकलायचा नाय. अडला तर काढायचा, पुसायचा, परत सोडायचा. दिवस गेला तरी चालंल."

त्या चुकत नसत असं नाही. एका गिऱ्हाइकाचा दांडा त्यांनी एकदा खराब ठरवला. पट्ट्या वाकड्या दिसत होत्या. गिऱ्हाईक चिडून दांडा घेऊन गेलं. चार दिवसांनी आपांना आठवलं, की त्या दुपारी वीज गेली होती, एसी बंद होता आणि त्या काचेच्या अगदी जवळ बसून होत्या. अंगाच्या, हाताच्या उबेनं काच वरून तापते, किंचित फुगते, आणि पट्ट्या वाकतात. त्यांनी आमच्याच ठोकळ्यावर काच ठेवून वर नुसता तळवा धरला. आम्हाला दाखवलं. हात न लावता, नुसत्या उबेनं पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या.

साहेब म्हणाले, "राहू दे आता. परत आले तर बघू."

आपांनी रजिस्टरमधून नंबर काढला आणि सगळ्यांसमोर फोन लावला. "मी खालापूरहून नसीम बोलतेय. तुमचा दांडा चांगला हाय. चूक माझी हाय. परत आना, फुकट बघून देते." फोन ठेवून त्या पुढच्या कामाला लागल्या. ते गिऱ्हाईक पुढे आमच्याकडेच राहिलं. पण साहेबांच्या मनात ती गोष्ट बसली, की या बाईचीही चूक होऊ शकते.

त्यानंतर दोन वर्षांनी घडलेली गोष्ट मला नीट सांगितली पाहिजे, कारण ती माझीही आहे.

आमचा मुख्य दांडा ठरावीक काळानं एका मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जायचा. तो तसा गेला आणि स्वच्छ सर्टिफिकेट घेऊन परत आला. पेटी आली तेव्हा आपा रजेवर होत्या. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. एका रसायनांच्या कारखान्याचे गेज अडकून पडले होते, त्यांचे फोनवर फोन. म्हणून दांडा मी जोडला. आठवड्यानं आपा आल्या, काम नेहमीसारखं सुरू झालं.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी आपा मला म्हणाल्या, "सुषमा, भिंतीकडं बघ गं."

दांडा तरंगत असताना त्याच्या बाजूनं तेल अगदी हळूहळू झिरपत असतं, त्यामुळे तो खाली खाली जात असतो. डोळ्यांना ते कळत नाही. आपांनी वजनांच्या मागे एक दिवा आणि पुढे एक भिंग असं मांडलं होतं, की वजनांच्या कडेची मोठी सावली समोरच्या भिंतीवर पडायची. भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवलेला. सावली किती वेळात किती घरं उतरते, ते त्या मधूनमधून घड्याळ लावून बघायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण वहीत नोंद ठेवायच्या.

"चार मिनिटात एक घर उतरायची," त्या म्हणाल्या. "आता तीनला उतरतेय. तेल तेच हाय, खोलीची थंडी तीच हाय."

त्यांनी दांडा काढला, काचेखाली घेतला. आठ वेळा फिरवला. वहीतली जुनी चित्रं उघडून शेजारी ठेवली. तिसऱ्या खेपेला पाऊण पट्टी जास्त. बाकी सात ठिकाणी जुन्यासारख्याच.

साहेबांना बोलावलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपा, दांडा आत्ता तर तपासून आलाय. एवढ्या मोठ्या लोकांनी बरोबर म्हटलंय, आणि आपण म्हणायचं बिघडला? परत ते उबेसारखं काही नाही ना?"

आपा रागावल्या नाहीत. "आसंल," म्हणाल्या. "बघू."

शनिवारी निघताना त्यांनी दांडा, ठोकळा आणि काच मांडून ठेवली, वर कापड झाकलं आणि एसी चालू ठेवला. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत सगळं एकाच गारव्याला येईल आणि उबेचा प्रश्न राहणार नाही. मला म्हणाल्या, "उद्या येशील? मी हात लावनार नाय. तू बघ. माझेच डोळे नकोत."

रविवारी सुट्टीमुळे चौकाच्या बाजूनं पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली. मी पोहोचेपर्यंत एक वाजला. आपा दाराबाहेरच्या फळीवर बसून होत्या. माझ्याशिवाय आत गेल्या नव्हत्या. आत गेल्यावर त्या भिंतीला पाठ लावून लांब उभ्या राहिल्या. मी कापड काढलं, लाकडी चिमट्यानं दांडा फिरवायचा कसा ते त्या तिथूनच सांगत होत्या. पहिलं ठिकाण ठीक. दुसरं ठीक. तिसऱ्याला पट्ट्या सरकल्या. मी मोजल्या. परत मोजल्या.

"पाऊण," मी म्हटलं.

"परत फिरवून ये."

परत पाऊण.

आणि तिथं वाकलेली असतानाच मला ते आठवलं. आठवलं म्हणजे विसरले कधी नव्हतेच. त्या दिवशी दांडा नळीत सोडताना तो मध्येच अडला होता. बाहेर गिऱ्हाइकाचा माणूस खुर्चीत बसून पाय हलवत होता. मी अंगठ्यानं हलकंच दाबलं. एक बारीक, वाळूचा कण दाताखाली यावा तसं काहीतरी जाणवलं आणि दांडा आत गेला. मी स्वतःला सांगितलं, काही नाही, तेल कमी असेल. त्यानंतर दोन महिने मी त्याच दांड्यावर तपासलेल्या गेजांच्या सर्टिफिकेटांवर सह्या करत होते.

मी सरळ उभी राहिले आणि आपांना सांगितलं. जसं झालं तसं. अंगठ्याचंही सांगितलं. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील, आणि ते मला जन्मभर लागेल.

त्या म्हणाल्या, "तारीख सांग."

"काय?"

"जोडलास त्या दिवसाची तारीख सांग गं. त्याच्या आधीचं सगळं चांगलं हाय ना. नंतरचंच बघायला लागंल."

मी रजिस्टर आणलं. आम्ही दोघी बसून त्या तारखेपासून पुढचं एकेक नाव वेगळ्या कागदावर उतरवत गेलो. बासष्ट निघाली. मध्येच त्यांनी डबा उघडला, मला अर्धी भाकरी दिली आणि स्वतः चमचा काढला. त्या दिवशी मी हसले नाही.

सोमवारी आपांनी तो कागद साहेबांपुढे ठेवला. "दांडा बिघडलाय. ह्या बासष्ट जनांना कळवायला पायजे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीच घेतलं. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग कागदावरून बोट फिरवत म्हणाले, "ही चार मोठी गिऱ्हाइकं आहेत. त्यांचे गेज काहीतरी निमित्त काढून परत मागवू, गुपचूप बघून देऊ. बाकीच्यांचं सहा महिन्यांनी मुदत संपल्यावर आपोआप होईल. बासष्ट ठिकाणी आपण चुकलो म्हणून कळवलं, तर उद्या दाराला कुलूप लावायचं का?"

"बाकीच्यांच्या गेजात वाफ नसती काय?" आपांनी विचारलं.

"फरक किती असेल? अगदी किरकोळ."

"किती ते मला ठाऊक नाय. तुमाला पन नाय."

साहेबांचा आवाज चढला. त्यांनी आपांना जागेची आठवण करून दिली, नापास असल्याचीही. मी तिथंच होते. आपांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, घरी बस म्हनाल तर बसते. पन वहीत मी लिवलंय. ते पुसनार नाय." आणि त्या आत जाऊन ठोकळे पुसायला बसल्या. रोज सकाळी पुसायच्या तसेच.

तो दिवस साहेब केबिनमधून बाहेर आले नाहीत. मंगळवारी आले ते सरळ आतल्या खोलीत. बूट बाहेर काढून, बेसनानं हात धुऊन. "दाखवा," म्हणाले. बऱ्याच वर्षांनी ते काचेवर वाकले असतील. आपा एका बाजूला उभ्या राहून दांडा फिरवत होत्या. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी श्वास आत ओढला, तो मला ऐकू आला. त्यांनी आठही ठिकाणं पाहिली. मग टेबलावरचा तो कागद घेतला आणि पहिल्या नावाला स्वतः फोन लावला.

पुढचे सहा आठवडे वाईट गेले. दांडा परत मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तिथल्या लोकांनी त्या ठिकाणी बारीक ओरखडा आणि त्याच्या कडेला वर आलेला धातू असल्याचं लिहून पाठवलं. दांडा मधूनच किंचित अडायचा, त्यामुळे आमचा आकडा कधी बरोबर, कधी थोडा कमी. दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं उपकरण मागून आणून आम्ही बासष्ट ठिकाणचे गेज परत तपासले. बहुतेक ठीक निघाले. तीन मर्यादेबाहेर होते. त्यातला एक एका रंगाच्या कारखान्यातल्या बॉयलरवर होता आणि आत असलेल्या दाबापेक्षा कमी दाखवत होता. तिथं काही झालं नव्हतं. होऊही शकलं नसतं कदाचित, कारण बॉयलरला वेगळी झडप असतेच. पण तो गेज काढून आणला तेव्हा आपांनी तो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या तोंडून मी त्या सगळ्या प्रकरणातला एकच कडक शब्द ऐकला. तो त्यांनी कुणाला उद्देशून वापरला, मला अजून माहीत नाही.

दोन मोठी गिऱ्हाइकं गेली. दाराला मात्र कुलूप लागलं नाही. माझा सहीचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला, ते योग्यच होतं. ते वर्ष मी आपांच्या शेजारी बसून पट्ट्या मोजायला शिकले. सुरुवातीला मी दोन म्हणायचे, त्या म्हणायच्या "परत बघ". हळूहळू मला पाव दिसायला लागला.

बाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. गल्लीतल्या बायका कुकर घेऊन यायच्या. "आपा, तुमी प्रेशरमधल्या ना? शिटीच होत नाय ओ." त्या शिटी पिनेनं साफ करून द्यायच्या आणि रबर बदला म्हणून सांगायच्या. वर्षानुवर्षं त्या गल्लीत त्यांची तेवढीच ख्याती.

त्या निवृत्त झाल्या आणि नवरा गेल्यावर कशेळ्याला मुलीकडे राहायला गेल्या. मुलगी तिथं शिक्षिका आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिचाच फोन आला, की आई गेली, तापाचं निमित्त झालं. मी आता प्रयोगशाळेत नाही, पण साहेबांना कळवलं. साहेब खूप थकलेत. म्हणाले, "तिची वही आहे माझ्याकडे. सगळ्या जुन्या फायली काढून टाकल्या, ती ठेवलीय."

मी आपांना शेवटचं भेटले ते त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. कळंबला एका लग्नाला गेले होते, तशीच पुढे कशेळ्याला गेले. आपा ओट्यावर चिंच फोडत बसलेल्या. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. मग मी इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं विचारलं. "आपा, त्या रविवारी तुम्ही मला रागावला का नाहीत?"

त्यांनी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. "कुठल्या?"

मी सांगितलं.

"रागावायला टाइम कुठं व्हता?" त्या म्हणाल्या. "बासष्ट नावं उतरवायची व्हती. पाचची गाडी व्हती."

नको म्हटलं तरी त्या मला नाक्यापर्यंत सोडायला आल्या. कर्जतची जीप उभी होती, पण भरलेली नव्हती. त्यांनी ड्रायव्हरला सांगून मला पुढची सीट दिली. "हिला पुढं बसव रं, लांब जायचंय तिला." ऊन चढलेलं. मी त्यांना घरी जा म्हणत होते, त्या हलत नव्हत्या. ड्रायव्हर बाहेर उभा राहून ओरडत होता, "चला कर्जत, कर्जत! एकच सीट, एकच सीट!"

आपांनी खिडकीतून वाकून मागं बघितलं. बोटानं मोजलं.

"एक कुठं रं? तीन हायत."

"असं म्हणावं लागतं, चाची. नायतर लोक येत नाय."

"येतात," आपा म्हणाल्या. आणि डोक्यावरची ओढणी सारखी करून, रस्त्याच्या मधोमध जाऊन, मी कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात त्यांनी हाळी दिली, "चला कर्जत! तीन सीटा हायत! तीन!"

भाजीवाल्या बायका वळून बघायला लागल्या. ड्रायव्हर हसत जीपला टेकून उभा राहिला. पिशवी घेतलेला एक म्हातारा पलीकडून आला आणि मागं चढला.

"दोन!" आपा ओरडल्या.